अरबी समुद्र न सोडणारा देवमासा

नोव्हेंबर १९६६. सोव्हिएत संघाचे देवमाशांची शिकार करणारे दोन ताफे, ‘स्लावा’ आणि ‘सोव्हेत्स्काया उक्राईना’, अंटार्क्टिकाच्या हंगामासाठी दक्षिणेकडे निघाले होते. वाटेत अरबी समुद्रात त्यांना हंपबॅक जातीचे देवमासे दिसले आणि हार्पूनच्या तोफा तिथेच सज्ज झाल्या. ओमानचा किनारा, मग पाकिस्तानचा, मग आपल्या काठियावाडाजवळचं पाणी अशी शिकार सरकत गेली. आदल्या वर्षी मारलेले चार धरून एकूण २४२ हंपबॅक मारले गेले. जगाला याचा पत्ता लागला तो जवळजवळ तीस वर्षांनी.

तो लागला नसता, कारण शिकारीचे खरे आकडे दडपणं हे सोव्हिएत ताफ्यांचं ठरलेलं धोरण होतं. दक्षिण गोलार्धात त्यांनी ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले आणि आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाला कळवले २,७१०. ताफ्यांवरच्या जीवशास्त्रज्ञांना खरं माहीत होतं, पण बोलायची सोय नव्हती. काहींनी मूळ नोंदी जपून ठेवल्या. एकाने तर त्या घरच्या बटाट्यांच्या तळघरात लपवल्या होत्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी १९९४ साली हा व्यवहार ‘नेचर’मध्ये उघड केला, आणि १९९७ मध्ये ओडेसाचे युरी मिखालेव्ह यांनी अरबी समुद्रातल्या त्या शिकारीचा तपशील प्रसिद्ध केला. एका गुन्ह्याची कागदपत्रं म्हणून तो शोधनिबंध वाचताना मन विषण्ण होतं. पण अरबी समुद्रातल्या हंपबॅकबद्दलचं पहिलं पक्कं ज्ञान त्यातूनच मिळालं, हेही खरं आहे.

हंपबॅकचा सर्वसाधारण जीवनक्रम असा. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड, अन्नाने गच्च भरलेल्या पाण्यात जाऊन पोटभर खायचं, अंगावर चरबीचा जाड थर चढवायचा आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून विषुववृत्ताजवळच्या उबदार पाण्यात यायचं. तिथे नर गातात, माद्यांसाठी झुंजतात, माद्या पिल्लांना जन्म देतात. या काळात खाणं जवळपास बंद असतं. साठवलेल्या चरबीवर दिवस निघतात. जगातले जवळजवळ सगळे हंपबॅक हेच करतात.

मिखालेव्ह यांच्या नोंदींमध्ये मात्र उष्ण कटिबंधात मारलेल्या देवमाशांची पोटं भरलेली होती. त्यात मासे होते आणि क्रिलही. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखे दिसणारे, थव्याने राहणारे बारीक जीव. गाभण माद्यांच्या पोटातले गर्भ नोव्हेंबरात पुरेसे वाढलेले होते, म्हणजे पिल्लं हिवाळ्यात जन्मणार होती. हे वेळापत्रक उत्तर गोलार्धाचं. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून आलेल्या हंपबॅकचं वेळापत्रक सहा महिन्यांनी पुढेमागे असायला हवं होतं. तेव्हा हे देवमासे दक्षिणेकडून आलेले नव्हते. उत्तरेकडून येण्याचा तर प्रश्नच नाही, कारण अरबी समुद्राच्या उत्तरेला इराण, मकरान आणि सगळा आशिया खंड आडवा पडलेला आहे. मग उरतं ते एकच उत्तर: हे देवमासे कुठून येत नाहीत आणि कुठे जात नाहीत. ते इथेच खातात, इथेच वितात.

हे शक्य होतं ते मोसमी वाऱ्यांमुळे. जूनपासून आपल्याकडे पाऊस घेऊन येणारे नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर, प्रचंड वेगाने वाहतात. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर क्रिल, त्यावर तारलीचे थवे. दुसऱ्या हंपबॅकना ज्यासाठी ध्रुवापर्यंत जावं लागतं ते अन्न या देवमाशांना घरात मिळतं. ज्या वाऱ्यांची आपला शेतकरी आणि दर्यावर बंदी पाळणारा आपला मच्छीमार वाट पाहतात, त्याच वाऱ्यांनी एक देवमासा इथे कायमचा राहता केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या समुद्रातल्या देवमाशांची एक फार जुनी नोंद ग्रीकांकडे आहे. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाकडून इराणच्या आखाताकडे निघाला असता मकरानजवळ समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना दिसले आणि वल्हेकऱ्यांच्या हातून वल्ही गळून पडली. निआर्कसने जहाजं लढाईसारखी रांगेत लावली, रणशिंगं फुंकायला लावली आणि आरोळ्या ठोकत सगळे फवाऱ्यांच्या दिशेने सुटले. देवमासे पाण्यात बुडी मारून मागच्या बाजूला वर आले. इतिहासकार एरियनने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्या किनाऱ्यावरचे लोक वाहून आलेल्या देवमाशांची हाडं घरं बांधायला वापरत, हेही तो सांगतो. ते हंपबॅकच होते की दुसरी जात, हे त्यावरून ठरत नाही.

ओमानच्या मसीरा आखातात आणि धोफारच्या किनाऱ्यावर २००० सालापासून पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. हंपबॅक खोल बुडी मारतो तेव्हा शेपटी पूर्ण पाण्याबाहेर काढतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे पट्टे आणि कडेच्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. त्यामुळे फोटो काढत गेलं की कोण पुन्हा दिसलं, कोण नवं, हे कळतं. त्या फोटोंवरून केलेला अंदाज ८२ देवमाशांचा निघाला. गणिताच्या हिशेबाने ६० ते १११ च्या दरम्यान. आययूसीएनने २००८ मध्ये या समूहाला ‘संकटग्रस्त’ ठरवलं. पुढे कातडीच्या नमुन्यांवरून जनुकीय तपासणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने सांगितलं की हा समूह इतर हंपबॅकपासून सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला.

इतका लहान समूह आणि बाहेरून भर पडण्याची शक्यता जवळजवळ नाही, याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे हंपबॅक शिकार थांबल्यावर पुन्हा हजारोंनी वाढले. अरबी समुद्रातले वाढले नाहीत. त्यांच्यातली प्रत्येक मादी दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू देते. एक मादी जाळ्यात मेली, तर तिची जागा घ्यायला दुसऱ्या समुद्रातून कुणी येत नाही.

आता त्यांच्या गाण्याविषयी. हंपबॅकचा नर गातो; मादी गात नाही. कण्हण्यासारखे खालचे सूर, मध्येच उंच किंकाळी, करकर, घुमारे, असे आवाज तो ठरावीक क्रमाने लावतो. काही आवाज मिळून एक ओळ, तीच ओळ पुन्हापुन्हा घोळवून एक टप्पा, अशा अनेक टप्प्यांचं गाणं दहा-वीस मिनिटांचं होतं. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असं तासन्‌तास. आवाजांच्या या राशीत रचना आहे हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकवे यांनी १९७१ मध्ये ‘सायन्स’मधून दाखवून दिलं. एका भागातले सगळे नर एका हंगामात जवळपास एकच गाणं गातात, आणि ते हळूहळू सगळ्यांचं मिळून बदलतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुरू झालेलं गाणं दोन-एक वर्षांत पूर्वेकडे सरकत फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पोचल्याची उदाहरणं २०११ मध्ये नोंदली गेली. जन्मतः अंगी असलेल्या गोष्टी इतक्या वेगाने पसरत नाहीत. ते गाणं ऐकून शिकलेलं आहे.

आवाज निघतो कसा, हे २०२४ पर्यंत नीट माहीत नव्हतं. डेन्मार्कमधल्या कोएन एलेमन्स यांच्या गटाने किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांची ताजी स्वरयंत्रं मिळवली आणि प्रयोगशाळेत त्यांतून हवा सोडून पाहिली. दातांऐवजी गाळणी असलेल्या देवमाशांमध्ये स्वरयंत्रातल्या दोन कूर्चा लांबट होऊन तळाशी जुळलेल्या असतात. त्या समोरच्या चरबीच्या जाड गादीवर टेकतात आणि मधून हवा गेली की गादी थरथरते. हवा वाया जात नाही. ती पुन्हा फुप्फुसांकडे वळवता येते, म्हणून बुडालेल्या अवस्थेत गाणं शक्य होतं. पण या रचनेच्या मर्यादाही आहेत. साधारण शंभर मीटरच्या खाली असं गाता येत नाही, आणि आवाज बव्हंशी ३० ते ३०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात राहतो. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आणि इंजिनांचा आवाजही नेमका त्याच पट्ट्यातला, त्याच वरच्या थरातला. त्यातून सुटण्यासाठी देवमाशाला ना सूर फारसा चढवता येतो, ना खोल जाऊन गाता येतं. अरबी समुद्र तर जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. ज्या समूहात बहुधा एकूण शंभरही जण नाहीत, तिथे नराचा आवाज मादीपर्यंत पोचणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

ओमानच्या नरांचं गाणं मादागास्करकडच्या, म्हणजे नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या गाण्याशी जुळत नाही. जनुकांनी जे सांगितलं त्याला गाण्यानेही दुजोरा दिला.

हे सगळं ओमानचं झालं, आपल्याकडे काय? मार्च २०१७ मध्ये गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांत हंपबॅकचं गाणं सापडलं. वास्को आणि पणजीहून पर्यटकांच्या होड्या जिथे रोज जातात, ते हे बेट. त्याच वर्षी मसीरा आखातात ‘लुबान’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत पाठवणारं यंत्र बसवलं गेलं. लुबान म्हणजे अरबीत लोबान, धुपासाठी जाळतात तो सुगंधी डिंक. तोवर अशी यंत्रं लावलेले देवमासे ओमान आणि येमेनच्या पाण्यातच फिरले होते. लुबान मात्र डिसेंबरात अरबी समुद्र ओलांडून थेट भारताकडे आली आणि आपल्या किनाऱ्याने खाली, देशाच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. ओमानचे देवमासे आणि आपले देवमासे एकच असल्याचा हा पहिला थेट पुरावा होता. भारत सरकारने २०१८ मध्ये ‘अरबी समुद्रातला हंपबॅक’ हा अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात घेतला.

कागदावर संरक्षण आधीपासून आहे. सगळे देवमासे आणि डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. हिंदी महासागर १९७९ पासून देवमाशांचं अभयारण्य आहे. पण आज त्यांना मारतात ती जाळी. ओमानमध्ये फोटो काढलेल्या हंपबॅकपैकी ३० ते ४० टक्क्यांच्या अंगावर, विशेषतः शेपटीच्या मुळाशी, दोरांत अडकल्याच्या खुणा असाव्यात असं अभ्यासकांचं निरीक्षण आहे. या झाल्या सुटलेल्यांच्या खुणा.

कोकणात देवमासा बातमीत येतो तो बहुधा किनाऱ्याला लागल्यावर. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ब्ल्यू व्हेल लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेलं पिल्लू वाचवण्यासाठी स्थानिक लोक, जीवरक्षक आणि सरकारी यंत्रणा दोन दिवस झटली. क्रेन आल्या, टगबोट आली, तरी ते गेलं. असं का होतं? पाण्यात पेलला जाणारा देह वाळूवर स्वतःच्याच वजनाखाली दबतो, फुप्फुसं आणि स्नायू चेपले जातात. चिरडलेल्या स्नायूंमधली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करतात. चरबीचा थर उष्णता बाहेर पडू देत नाही, म्हणून वाळूवरचा देवमासा आतून तापत जातो. अशा वेळी शेपटीला दोर बांधून ओढणं घातक ठरतं, सांधे निखळतात. पोटावर सरळ ठेवणं, ओली चादर घालणं, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं आणि वाळूपासून दूर राखणं, गर्दी हटवणं आणि वनखात्याला कळवणं, एवढंच आपल्या हातात असतं. सेल्फीसाठी पाठीवर हात टेकणारी गर्दी मी बातम्यांच्या चित्रफितींत पाहिली आहे. ती बघवत नाही.

मच्छीमारांना दोष देऊन मात्र भागणार नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ पासून एक चांगली योजना चालवली आहे. जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि जाळं कापून तो सोडला, तर त्याच्या फोटो-चित्रीकरणाच्या आधारे कांदळवन प्रतिष्ठानमार्फत २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवं, डॉल्फिन, बहिरी (व्हेल शार्क) असे अनेक जीव त्यामुळे सुटले. पण पर्ससीनचं जाळं लाखांच्या घरात जातं. मोठ्या देवमाशासाठी ते कापायचं तर २५ हजार पुरत नाहीत, आणि ज्यांचे बहुधा शंभरही उरलेले नाहीत त्यांच्यासाठी ही मर्यादा वाढवायला सरकारने कुचराई करू नये.

समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. पाठीवर लहानसा पर, देहाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके लांब बाजूचे पर आणि बुडी मारताना पूर्ण वर येणारी शेपटी दिसली, तर तो बहुधा हंपबॅक. कोकणाजवळ दिसणारा ब्रायडीज देवमासा सहसा शेपटी वर काढत नाही. होडी जवळ नेऊ नका, इंजिन मंद ठेवा. मोबाईलवर शेपटीच्या खालच्या बाजूचा एक फोटो घ्या, जागा आणि वेळ टिपून ठेवा आणि वनखात्याला किंवा कांदळवन प्रतिष्ठानला पाठवा. तो देवमासा ओमानच्या यादीतला आहे की आजवर कुणी न नोंदवलेला, हे तेवढ्या एका फोटोवरून कळू शकतं.