उभ्याने अभ्यास: फायदा कशाचा?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुलं-मुली अभ्यासिकेत दिवसाचे दहा-दहा तास खुर्चीत असतात. कंबर धरली की ‘उभं राहून वाच’ असा सल्ला मिळतो. सल्ला बरा आहे, पण अर्धा.

जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मॉरिस यांनी याचं कारण हालचालीत शोधलं. एका जागी खिळून उभं राहिलं, तर पोटरीचे स्नायू आखडून-सैलावून रक्त वर ढकलत नाहीत. पाय सुजतात, शिरा फुगतात.

म्हणून अर्ध्या तासाने उठा, थोडं उभ्याने वाचा, चार पावलं चाला, परत बसा. महागडं टेबल नको. टेबलावर खोका ठेवून वही कोपराच्या उंचीला आली की झालं. पाठांतर तर फिरतच करावं, असं माझं मत.

आपल्याला निदान बसायचं की उभं राहायचं हे ठरवता येतं. कापड दुकानांत काम करणाऱ्या कितीतरी बहिणींना दिवसभर बसूच दिलं जात नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा बदलून दुकान कामगारांना बसण्याचा हक्क दिला. आपल्या गावातल्या दुकानांत त्यांच्यासाठी किती स्टूल आहेत, पुढच्या खरेदीला मोजून बघा.