डिस्चार्जनंतरचं कोण बघणार?

२०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. महाराष्ट्रात १५ हजार २२४ जणांचा मृत्यू झाला. देशभरातल्या मृतांपैकी ५० हजार २९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल हे सगळं मोजतो. जे वाचले त्यांच्यापैकी किती जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली, याचा रकाना मात्र त्यात नाही. आणि ज्याचा रकाना नाही, त्याला अर्थसंकल्पात लेखाशीर्षही मिळत नाही.

पहिले सात दिवस

जीव वाचवण्यासाठी सरकार आता पूर्वीपेक्षा जास्त पैसा देतं, हे मान्य करायलाच हवं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १६२ मध्ये अपघातग्रस्तांच्या कॅशलेस उपचाराची तरतूद आली. प्रत्यक्ष योजनेसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला मुदत घालून द्यावी लागली. ५ मे २०२५ रोजी योजना निघाली. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. याशिवाय आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात.

पण मेंदू सात दिवसांत बरा होत नाही. मेंदूला फार सूज आली, तर सर्जन कवटीचा तुकडा काढतात आणि अनेकदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. तो परत बसवायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. तोवर रुग्ण घरी आलेला असतो. नाकात अन्नासाठी राईल्स ट्यूब, गळ्याला श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी. ती तुंबू नये म्हणून सक्शन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीसुद्धा. हे सगळं बायको किंवा आई करते. डिस्चार्ज कार्डावर शेवटी एवढंच लिहिलेलं असतं: फिजिओथेरपी चालू ठेवा, ओपीडीत दाखवा.

जे चालते-बोलते होतात, त्यांची अडचण वेगळी. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलेला माणूस दिसायला धडधाकट असतो. पण दूध गॅसवर ठेवून विसरतो, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो, जरा आवाज वाढला की अंगावर धावून जातो. कामावरून त्याला आठवड्याभरात घरी पाठवतात. लोक ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून मोकळे होतात. त्याला गरज असते ती वाचा-उपचारांची, व्यवसायोपचाराची, स्मरणशक्तीच्या सरावाची आणि घरच्यांना हे सगळं शिकवणाऱ्या माणसाची. या सेवा मोठ्या शहरांत विकत मिळतात. तालुक्याच्या गावी त्या विकतही मिळत नाहीत.

यादीत नाव नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन त्यात नावानिशी आहेत. अपघाती मेंदू-इजेचं नाव नाही. त्यामुळे कुटुंबाला लुळा हात किंवा अडखळती वाचा दाखवून ४० टक्क्यांचा दाखला मिळवावा लागतो. ज्याचे हातपाय शाबूत आहेत पण भान हरपलंय, त्याची दाखल्यासाठी फरफट होते. स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत विशेष शाळा आहेत, कुष्ठमुक्तांचं पुनर्वसन आहे, मनोरुग्णांसाठी हाफ-वे होम आहेत. मेंदू-इजा झालेल्या प्रौढांसाठी स्वतंत्र प्रकल्प नाही. आपल्या राज्यात दिव्यांगांना संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला मिळणारी रक्कम २०२५ मध्ये अडीच हजारांवर आली. तेवढ्यात आठवड्याभराचा अटेंडंटही परवडत नाही.

हा खर्च मोजता येत नाही, असं नाही. डोक्याला गंभीर मार लागलेल्या एका लहान मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं ५ फेब्रुवारी २०२० रोजी तो मोजला. दोन अटेंडंट, दरमहा दहा हजार, पुढच्या वर्षांचा हिशेब धरून २१ लाख ६० हजार. एकूण भरपाई ६२ लाख २७ हजार. अपघात २००७ चा होता. ज्यांच्याकडे बारा वर्षं लढण्याची ताकद नाही, त्यांचं काय?

दंडातून निधी

अमेरिकेनं १९९६ साली मेंदू-इजेसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातून राज्यांना अनुदान मिळतं: केंद्राच्या दर दोन डॉलरमागं राज्यानं एक घालायचा. हा पैसा शस्त्रक्रियेसाठी नसून विखुरलेल्या सेवांची सांगड घालण्यासाठी, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि कुटुंबाला वाट दाखवण्यासाठी आहे. काही राज्यांनी त्याला स्वतःच्या निधीची जोड दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरणाऱ्याकडून दंडाशिवाय २५० डॉलर वसूल होतात; त्यातले १८७.५० डॉलर थेट डोक्याच्या दुखापतींच्या उपचार निधीत जातात. तिथंही सगळं आलबेल नाही. २०१८ च्या मुदतवाढीनं कायद्याला २०२४ पर्यंतचाच निधी मंजूर केला होता. दर वेळी रुग्णांच्या संघटनांना पुन्हा दार ठोठावावं लागतं. पण ज्या बेदरकारपणानं डोकी फुटतात, त्याच्याच दंडातून ती सावरायची, हे तत्त्व न्याय्य आहे.

आपल्याला त्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. कलम १६४-ब नुसार मोटार वाहन अपघात निधी आहेच. त्यातून डिस्चार्जनंतरचं पहिलं वर्षभराचं पुनर्वसन द्यावं. ई-चलनाच्या वसुलीतला ठरावीक हिस्सा जिल्हा रुग्णालयातल्या मेंदू-पुनर्वसन कक्षासाठी राखावा. दिव्यांग कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. राज्यानं तो मेंदू-इजेच्या रुग्णांना लागू करावा.

आणि वाचकांनी मुंबई-दिल्लीकडे बघत बसू नये. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेनं ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा, हा राज्याचा नियम आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत उभे राहा आणि विचारा: आपल्या गावात डोक्याला मार लागून घरी पडून असलेले किती जण आहेत, आणि त्या ५ टक्क्यांतलं त्यांच्यापर्यंत काय पोचलं? उत्तर लेखी मागा.