विमानकंपनीच्या खेळात विमानाची माहिती किती खरी ठेवावी?

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तुम्ही वैमानिक असता. विमानकंपनी चालवण्याच्या खेळात व्यवस्थापक. माहितीतले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे या फरकावरून ठरते. उड्डाणापूर्वी पंखांवरचे फ्लॅप किती अंश उघडायचे याचा निर्णय व्यवस्थापक घेत नाही, म्हणून तो आकडा तक्त्यात नको. कोणते विमान घ्यायचे, कोणत्या मार्गावर घालायचे, दिवसात किती फेऱ्या करायच्या, हे निर्णय तो घेतो. ज्या आकड्यामुळे यांपैकी एखादा निर्णय बदलतो, तो आकडा ठेवावा.

वेगाचे उदाहरण घेऊ. ए३२० ताशी सुमारे ८३० किमी वेगाने जाते, एटीआर ७२ सुमारे ५१० किमी. खेळात नुसते 'अंतर भागिले वेग' असे सूत्र घातले, तर जेट प्रत्येक मार्गावर १.६ पट वेगवान ठरेल आणि एटीआर कोणी विकत घेणार नाही. प्रत्यक्षात टॅक्सी, चढण आणि उतरण यांत वेळ जातोच, मग अंतर कितीही असो. म्हणून सूत्र असे हवे:

उड्डाणवेळ = स्थिर वेळ + अंतर ÷ वेग

स्थिर वेळ ४० मिनिटे धरा. ३०० किमीच्या मार्गावर ए३२० ला सुमारे ६२ मिनिटे लागतील, एटीआरला ७५. आता गुणोत्तर फक्त १.२ उरले. जमिनीवरचा अर्धा तास दोघांनाही मिळवला की ते आणखी घटते. म्हणजे एकाच स्थिरांकाने एटीआरला तिची खरी जागा परत मिळाली. इंधनालाही हीच युक्ती लावा. चढणीसाठी एक ठरावीक खर्च आणि त्यापुढे दर किलोमीटरमागे वेगळा. केवळ किलोमीटरचा दर लावला, तर छोटे मार्ग फुकटात स्वस्त दिसतात.

पल्ल्याची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि बहुतेक नवशिके रचनाकार इथेच फसतात. ए३२०निओचा पल्ला माहितीपत्रकात सुमारे ६,३०० किमी लिहिलेला असतो. पण माहितीपत्रकातला पल्ला एका विशिष्ट आसनरचनेसाठी, म्हणजे एका विशिष्ट भारासाठी, काढलेला असतो. समजा तो १५० आसनांसाठी आहे. इंडिगोची काही ए३२०निओ विमाने १८६ आसनांची आहेत. तुम्ही आसने एका कागदावरून आणि पल्ला दुसऱ्यावरून उचललात, तर जगात नसलेले विमान तयार होते. प्रवासी आणि सामान मिळून माणशी १०० किलो धरा; ३६ जास्तीचे प्रवासी म्हणजे ३.६ टन. लांब पल्ल्यावर विमान कमाल उड्डाणवजनाला टेकलेले असते, तेव्हा हा भार इंधनातून कापावा लागतो. ताशी अडीच टन जळते असे ढोबळमानाने धरले, तर जवळजवळ दीड तासाचे, म्हणजे सुमारे १,२०० किमीचे उड्डाण गेले.

यासाठी भार आणि पल्ला यांचा पूर्ण आलेख खेळात आणायची गरज नाही. दोन बिंदू पुरतात: पूर्ण भारासह कुठवर जाते आणि टाक्या पूर्ण भरून कुठवर. मधली सरळ रेषा संगणक काढतो. खेळाडूला एवढेच दिसते की या मार्गावर अमुक आसने रिकामी ठेवावी लागतील. तेवढे कळले तरी त्याला विचार करावा लागतो.

धावपट्टीबाबत मात्र एका आकड्यावर फार भरवसा नको. लक्षद्वीपमधील अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरची. माहितीपत्रकानुसार एटीआर ७२ ला कमाल वजनाने उड्डाण करण्यासाठी याहून थोडी जास्तच लांबी लागते. हा नियम खेळात काटेकोर लावला तर अगत्ती बंद होईल, आणि प्रत्यक्षात एटीआर तिथे नियमित जाते, भार कमी घेऊन. तेव्हा 'चालते किंवा चालत नाही' अशा नियमाऐवजी 'इतक्या आसनांची कपात' असा नियम करा. ए३२० ला तिथे तरीही प्रवेश नाही, हे योग्यच.

लेहसारखी ठिकाणे विमानाच्या तक्त्यात अजिबात घुसवू नका. तिथे ३,२०० मीटरांहून अधिक उंचीमुळे हवा विरळ असते. ऊन चढले की ती आणखी विरळ होते आणि उड्डाणभार घटवावा लागतो. तिथली उड्डाणे बहुतांशी सकाळची असण्यामागे हेही एक कारण. ही अडचण विमानतळाची आहे, म्हणून त्या विमानतळाच्या नोंदीत दुपारसाठी एक भारकपात गुणक लिहिला की प्रत्येक विमानासाठी वेगळा आकडा शोधावा लागत नाही.

आता आपले सूत्र दिल्ली–मुंबईवर तपासून पाहा. अंतर सुमारे १,१५० किमी. ८३ अधिक ४०, म्हणजे १२३ मिनिटे. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास दिसतात. हा फरक भरून काढायला ए३२० चा वेग कमी करू नका, नाहीतर तिचे बाकीचे सगळे मार्ग बिघडतील. बराचसा फरक गर्दीचा आहे. तो दोन्ही विमानतळांच्या नोंदींत वाटून टाका.