रायफलच्या पीप साइटमधील छिद्राचा आकार : निवडीमागील प्रकाशविज्ञान

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील रायफल नेमबाजीची वाटचाल अभिमानास्पद आहे. राष्ट्रीय छात्रसेनेतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिच येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या, तर स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धांत दुर्बिणीस परवानगी नसते. नेम धरायचा तो मागील बारीक छिद्रातून पुढील कड्यात लक्ष्याचे काळे वर्तुळ बसवून. या रचनेस पीप साइट म्हणतात. ‘छिद्र जितके लहान तितका नेम अचूक’ असा समज नवोदितांत सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. एकोडीसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या आणि एकच रायफल आळीपाळीने वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर तो नुकसानकारकही ठरू शकतो.

विषय विवेचन :

डोळ्यापासून पुढील कडे सुमारे ८५ सें.मी.वर आणि एअर रायफलचे लक्ष्य १० मीटरवर असते. दोन्हींवर एकाच वेळी दृष्टी स्थिर करणे डोळ्यास अशक्य आहे. मीटरमधील अंतराचा व्यस्तांक म्हणजे डायॉप्टर. या मापात कडे १.१८ वर व लक्ष्य ०.१० वर येते, म्हणजे अंतर १.०८ डायॉप्टरचे. बाहुली ४ मि.मी. उघडी असताना दृष्टी कड्यावर ठेवली, तर लक्ष्याचा धूसरपणा ४ × १.०८, म्हणजे सुमारे ४.३ मिलिरेडियन होतो. लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ३०.५ मि.मी., म्हणजे १० मीटरवरून अवघा ३.०५ मिलिरेडियन. धूसरपणा वर्तुळापेक्षाही मोठा! छिद्राने बाहुलीची जागा घेतली की हा धूसरपणा छिद्राच्या व्यासाच्या प्रमाणात घटतो. लहान छिद्राचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे इथवर बरोबर आहे.

परंतु छिद्र लहान होत जाते तसे प्रकाशाचे विवर्तन वाढते. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५५ मायक्रोमीटर धरल्यास विवर्तनजन्य पसरण ०.६८ भागिले छिद्राचा व्यास (मि.मी.) इतके मिलिरेडियन येते. दृष्टी कडे व लक्ष्य यांच्या मध्यावर, म्हणजे साधारण दीड मीटरवर, स्थिरावली असे मानल्यास दोहोंच्या वाट्याला ०.५४ गुणिले व्यास इतका धूसरपणा येतो. एक राशी घटते, दुसरी वाढते. त्या समान होतात १.१ मि.मी.च्या आसपास. हे गणित ढोबळ आहे. तरीही स्पर्धेच्या रायफलींवर सामान्यतः याच मापाचे छिद्र का आढळते, याचा उलगडा त्यातून होतो. ५० मीटरसाठीही उत्तर फारसे बदलत नाही.

तिसरा घटक उजेडाचा. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो, म्हणून १.१ ऐवजी ०.८ मि.मी.चे छिद्र लावताच प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. बंद सभागृहात दोन ट्यूबलाइटांखाली सराव करणाऱ्यांनी छिद्र १.३ पर्यंत मोकळे ठेवणे इष्ट. उघड्या मैदानावर दुपारच्या झळाळीत १.० वर यावे. बदलता येणारी आयरिस असल्यास ती आधी उघडी ठेवावी, हळूहळू मिटत आणावी आणि कड्याची व काळ्या वर्तुळाची कडा दोन्ही पुरेशा स्वच्छ दिसताच थांबावे. त्यापुढे मिटवण्यात केवळ अंधार पदरी पडतो. डोळा बारीक करावासा वाटला, तर छिद्र अति लहान झाले आहे असे खुशाल समजावे.

पुढील कड्याबाबत तर काटकसर अधिकच महागात पडते. ८५ सें.मी.वर काळे वर्तुळ २.६ मि.मी.चे भासते. कडे ३ मि.मी.चे घेतल्यास भोवती पांढरी पट्टी उरते ०.२ मि.मी.ची, म्हणजे एक कलेहूनही कमी कोनाची. निरोगी डोळ्याची विभेदनक्षमता साधारण एक कला. विवर्तनाच्या पसरणीत ती पट्टी बुडून जाते. ३.८ मि.मी.च्या कड्यात हीच पट्टी ०.६ मि.मी.ची, सुमारे अडीच कलांची होते. नवशिक्याचा हात अधिक हलतो. अरुंद कड्यात ती हालचाल त्यास भेडसावते आणि तो घोडा दाबण्याचे टाळत राहतो. म्हणून त्याला कडे मोठेच द्यावे. नळीस नलिका जोडून कडे पुढे नेले असेल, तर त्या प्रमाणात व्यासही वाढवावा लागतो.

आता प्राध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे अशी बाब. नेत्रचिकित्सक दृष्टिदोष ओळखण्यासाठी सुमारे १.२ मि.मी. छिद्राची चकती डोळ्यापुढे धरतात. तिच्यातून अक्षरे स्पष्ट दिसू लागली तर दोष बहुधा चष्म्याने सुधारणारा असतो. पीप साइट नेमके हेच करते आणि म्हणूनच दोष झाकूनही टाकते. एखादी छात्रा छिद्र ०.८ वर आणल्याशिवाय नेम धरू शकत नसेल, तर तिला नेमबाजीचा नव्हे, नेत्रतपासणीचा सल्ला द्यायला हवा. मागच्या बाकावर बसून फळा न दिसणारी विद्यार्थिनी कदाचित तीच असेल. ग्रामीण भागात विद्यार्थी पदवीपर्यंत चष्म्यावाचून पोहोचणे मुळीच दुर्मीळ नाही.

चष्मा असलेल्यांची अडचण वेगळी आहे. गाल दस्त्यावर टेकला की नजर काचेच्या कडेतून, तिरपी जाते. काच दृष्टिरेषेस काटकोनात राहील अशी नेमबाजीची चौकट किंवा साइटवर बसणारी भिंग-जोडणी उपयोगी पडते. मागील छिद्रापासून डोळ्याचे अंतर मात्र प्रत्येक वेळी तेच असावे. ते बदलले की छिद्रातून दिसणारे क्षेत्रही बदलते.

एका रायफलवर अनेक विद्यार्थी सराव करत असल्यास प्रत्येकाच्या नावे एक लहान कार्ड ठेवावे. मागील छिद्र, पुढील कडे, चष्म्याचा क्रमांक आणि त्या दिवशीचा उजेड एवढ्या चार नोंदी पुरतात. भौतिकशास्त्र विभागाच्या सहकाऱ्यांना हाताशी घेऊन जाड कागदात सुईने पाडलेल्या वेगवेगळ्या छिद्रांतून खिडकीचे गज पाहण्याचा प्रयोग वर्गातही करता येईल. त्यासाठी रायफलीची गरज नाही.