हवाबंदपणाची परीक्षा : सुरू न होणारे टू-स्ट्रोक इंजिन आणि त्याची बांधणी

 छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा प्रकल्प उभा राहिला आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या निर्मितीने या भागाच्या अर्थव्यवहाराचे रूपच पालटले. ज्या प्रदेशात वाहने घडत होती, त्याच प्रदेशातील कामगार, शिक्षक आणि शेतकरी ती वापरीत होते. त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिनाची दुरुस्ती हा येथील रस्त्याकडेच्या गॅरेजांचा पहिला धडा ठरला. हे इंजिन कमी भागांचे आणि म्हणून सोपे समजले जाते. परंतु ते सुरू होत नाही तेव्हा त्यामागील कारण शोधण्यासाठी जी शिस्त लागते, ती सोपी नाही.

या इंजिनाचा सर्वांत परिचित भारतीय नमुना म्हणजे बजाज चेतकचे इंजिन होय. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी बजाजचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक या नावाने स्वतंत्र स्कूटर बाजारात आली. तिची मूळ रचना मात्र व्हेस्पाच्याच परंपरेतील होती. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल, म्हणजे पिस्टन वर-खाली जितके अंतर कापतो तितकी लांबी, तीही ५७ मिलिमीटर असल्याने तिची क्षमता १४५.४५ घनसेंटिमीटर भरते. सिलिंडर बिडाचे असल्यामुळे ते झिजले तरी आतून कोरून पुन्हा वापरता येते, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने हा तिचा मोठा गुण होता.

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे या चार क्रियांना पिस्टनच्या चार एकेरी फेऱ्या लागतात, तर टू-स्ट्रोकमध्ये त्याच क्रिया दोन फेऱ्यांत उरकतात. इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास विकसित केलेल्या रचनेत पिस्टनखालची पोकळी, म्हणजे क्रँककेस, हीच पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये दाब कमी होऊन मिश्रण आत ओढले जाते; तो खाली येताना तेच मिश्रण दाबले जाते आणि सिलिंडरच्या भिंतीतील बाजूच्या वाटांनी वर ढकलले जाते, तर त्याच्या किंचित आधी उघडलेल्या दारातून जळालेला वायू बाहेर पडतो. येथे वेगळ्या झडपा नाहीत. चेतकमध्ये तर क्रँकशाफ्टची फिरती चकतीच मिश्रणाची वाट उघडते आणि बंद करते. यावरून असे दिसते की, या इंजिनाला पिस्टनच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी हवाबंद राहावे लागते, आणि दुरुस्तीतील बहुतेक चुका खालचा हवाबंदपणा विसरल्यामुळे होतात.

इंजिन सुरू होत नसेल तर जाणकार मिस्त्री ठिणगी, पेट्रोल आणि दाब या क्रमाने तपासणी करतो, कारण हा क्रम कमी श्रमाकडून अधिक श्रमाकडे जाणारा आहे. सर्वप्रथम ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला जातो. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही आणि ओलाचिंब असेल तर पेट्रोल पोहोचूनही पेटत नाही, असे प्राथमिक अनुमान निघते. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून किक मारली असता निळसर, ठळक ठिणगी दिसली पाहिजे. ती पिवळट व अशक्त असेल तर प्लग, टोपी, कॉइल आणि जुन्या गाड्यांतील पॉइंट, म्हणजे विद्युतप्रवाह योग्य क्षणी तोडणारे संपर्कबिंदू, एकेक करून तपासावे लागतात. पॉइंटमधील फट साधारण ०.४ मिलिमीटर आणि प्लगची फट अर्धा मिलिमीटर किंवा किंचित अधिक असावी लागते. ठिणगी ठळक असूनही इंजिन सुरू होत नसेल आणि किक मारताना उलटा झटका बसत असेल, तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे चाकाला दांड्यावर ठराविक जागी धरून ठेवणारा अर्धचंद्राकृती तुकडा, तुटलेली असण्याची शक्यता असते. कारण ती तुटली की ठिणगी पडते, पण भलत्या वेळी पडते.

पेट्रोलाची तपासणी टाकीच्या कॉकपासून कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रापर्यंत केली जाते. चेतकच्या पेट्रोलात दोन टक्के, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर तेल मिसळावे लागते, कारण क्रँककेसमधील बेअरिंगांना तेच एकमेव वंगण मिळते. गाडी अनेक महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, तेल मागे उरते आणि जेट चिकट थराने बुजतो. अलीकडच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने यात भर घातली आहे, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व सील फुगवते. उभी गाडी एका बाजूला तिरकी करून मग किक मारण्याची जी रीत महाराष्ट्रात घरोघरी रूढ झाली, ती टाकीतील उरलेसुरले पेट्रोल कॉकच्या तोंडाशी आणण्यापुरती उपयोगी होती. बुजलेल्या जेटवर तिचा काही इलाज चालत नसे.

ठिणगी आणि पेट्रोल ठीक असतील तर दाब मोजावा लागतो. प्लगच्या जागी दाबमापक लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारल्यास लहान टू-स्ट्रोक इंजिनात सामान्यतः चौरस इंचाला शंभर पौंडांच्या पुढे दाब मिळतो. तो बराच खाली आला असेल तर रिंगा, पिस्टन किंवा सिलिंडर झिजले आहे असे समजावे. येथेच अनेकजण सिलिंडर लेथवाल्याकडे पाठवतात आणि काम संपले असे मानतात. वस्तुतः यापुढची परीक्षा अधिक निर्णायक आहे. मिश्रण येण्याची व धूर जाण्याची वाट रबरी बुचांनी बंद करून हातपंपाने चौरस इंचाला सुमारे सहा पौंड दाब भरतात आणि तो काही मिनिटे टिकतो का ते पाहतात. दाब उतरत असेल तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावताच बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. फ्लायव्हीलच्या बाजूचे ऑइल सील गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरळ होते आणि इंजिन तापून पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गळत असेल तर गिअरबॉक्समधील तेल ओढले जाऊन पांढरट धूर निघतो आणि प्लग वारंवार तेलकट होतो. चेतकच्या रचनेत आणखी एक नाजूक जागा आहे : क्रँकच्या चकतीसमोरील क्रँककेसचा गुळगुळीत पृष्ठभाग. त्यावर ओरखडे पडले की मिश्रण मागे फिरते, आणि नवा पिस्टन घालूनही गाडी किकला दाद देत नाही.

बांधणीत प्रथम सिलिंडर कोरून त्याला पुढच्या मापाचा वाढीव पिस्टन जुळवतात; कोरल्यानंतर होनिंग, म्हणजे भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटवणे, आवश्यक असते, कारण त्या रेषांत तेल टिकते. दारांच्या कडा किंचित घासून बोथट करतात, नाहीतर रिंगेचे टोक तेथे अडकून तुटते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट मोजतात. ५७ मिलिमीटरच्या सिलिंडरसाठी ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. पिस्टनवरील बाण धूर जाण्याच्या दाराकडे ठेवतात आणि गजनपिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन, धरणाऱ्या सर्क्लिप नेहमी नव्या वापरतात. कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ असेल तर क्रँक प्रेसवर उघडून नवा रॉड बसवावा लागतो, आणि जोडल्यानंतर डायल गेजखाली फिरवून क्रँकचा डगडगाट मिलिमीटरच्या शतांशांत तपासावा लागतो. दोन्ही सील, दोन्ही बेअरिंगे आणि सर्व गॅस्केट बदलल्यावर दाबाची परीक्षा पुन्हा केली, तरच बांधणी पूर्ण झाली असे म्हणता येते. सायलेन्सरमधील कार्बनही याच वेळी काढावा लागतो, कारण धुराची वाट बुजली तर ताज्या मिश्रणाला जागाच उरत नाही. त्यानंतर पहिले काहीशे किलोमीटर गाडी सौम्य वेगाने चालवून रिंगा बसू द्याव्या लागतात.

हेच नियम परदेशातील टू-स्ट्रोक इंजिनाच्या चारचाकी एटीव्हींनाही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या हलक्या वाहनांनाही लागू पडतात. १९८७ पासून विकली गेलेली यामाहा बॅन्शी ही त्यांपैकी प्रसिद्ध गाडी, आणि तिचे जोड-सिलिंडर इंजिन ज्या आरडी मालिकेतून आले, त्याच मालिकेतील हवेने थंड होणारी राजदूत ३५० भारतातही बनत होती. फरक इतकाच की, काही आधुनिक टू-स्ट्रोक सिलिंडरांना निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो आणि ते कोरता येत नाहीत. त्यांना मुलामाच नव्याने द्यावा लागतो.

टू-स्ट्रोक मागे पडण्याचे कारण त्याच्या रचनेतच होते. धूर बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येत असल्याने त्याचा काही भाग न जळताच निसटतो, आणि प्रदूषणाचे निकष कडक होत गेल्यावर हा दोष परवडेनासा झाला. डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटर निर्मितीतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. चेतक हे नाव २०२० मध्ये परतले ते विजेवर चालणाऱ्या गाडीवर. ज्यांच्या अंगणात जुनी स्कूटर अजून उभी आहे, त्यांनी सिलिंडर कोरायला देण्यापूर्वी मिस्त्रीकडून क्रँककेसची दाबपरीक्षा अवश्य करून घ्यावी, कारण दोन स्वस्त सीलांच्या दोषापायी चांगले सिलिंडर कोरले गेले तर त्याचे एक माप कायमचे वाया जाते.