आठ पायांची मुंगी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एक सवय लागते. दिवसाअखेर जमा आणि नावे यांचा मेळ बसला नाही, तर फरक पाच रुपयांचा आहे की पाच लाखांचा हा प्रश्न गौण ठरतो. तो सापडेपर्यंत चैन पडत नाही. माझ्या बाबतीत ही सवय एका रविवारी सकाळी भलत्याच ठिकाणी उपयोगी पडली. आदल्या दिवशी टिपलेले एका तांबूस मुंगीचे छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहत असताना मी सहज तिचे पाय मोजले. ते आठ भरले. मुंगीला पाय असतात सहा. पुन्हा मोजले, पुन्हा आठच. मेळ बसत नव्हता.

ही गोष्ट ओडिशातील बारिपदा येथील. २०१८ साली पदोन्नतीवर माझी तेथे बदली झाली, तेव्हा पती आणि मुलगी नाशिकलाच राहिले. बारिपदा हे मयूरभंज जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. सिमलिपालचे अरण्य याच जिल्ह्यात आहे. भाषा नवी, माणसे नवी आणि सुट्टीचा दिवस काही केल्या संपत नसे. मुलीच्या वाढदिवसाची छायाचित्रे काढण्यासाठी घेतलेला कॅमेरा बरोबर होता आणि भाड्याच्या घरामागे आंब्याचे एक जुने झाड होते. जंगलात जाऊन वाघ टिपण्याइतकी सवड नव्हती आणि तशी साधनेही नव्हती. आंब्याच्या खोडावर जे काही चालले होते, तेच मी पाहू लागले. अशा रीतीने मॅक्रो छायाचित्रणाचा छंद जडला.

मॅक्रो म्हणजे केवळ जवळून काढलेले चित्र नव्हे. कॅमेऱ्यातील सेन्सरवर वस्तूची प्रतिमा तिच्या प्रत्यक्ष आकाराएवढी उमटली, की ते प्रमाण १:१ झाले असे म्हणतात आणि खरे मॅक्रो तेथून सुरू होते. सेन्सरची रुंदी ३६ मिलीमीटर असेल, तर ९ मिलीमीटर लांबीची मुंगी त्याची एक चतुर्थांश रुंदी व्यापते. मुंगीच्या डोक्यावरील बारीक लव दिसू लागते ती या पातळीवर. त्यासाठी खास लेन्स मिळते. पण सुरुवातीला ती हवीच असे नाही. नेहमीची लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवण्यासाठी साधी कडी मिळते. लेन्स आणि कॅमेरा यांमधील अंतर वाढवणाऱ्या पोकळ नळ्याही मिळतात. त्यांत काच नसल्याने त्या स्वस्त पडतात. माझी पहिली दोन वर्षे याच साधनांवर गेली. फ्लॅशचा प्रकाश मऊ व्हावा म्हणून त्यावर बटर पेपर चिकटवला की काम भागे.

खरी अडचण वेगळीच असते. १:१ प्रमाणात, एफ/८ या छिद्रमानाला, स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम एक मिलीमीटर भरते. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात. छिद्र आणखी लहान केले तर खोली थोडी वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. छायाचित्रकाराचा श्वास, वाऱ्याची झुळूक, पानाचा किंचित झोका, यांपैकी काहीही तो एक मिलीमीटर हिरावून नेऊ शकते. शंभर चित्रांतून चार हाती लागली तरी तो दिवस चांगला म्हणायचा.

आंब्याच्या झाडावर लाल विणकर मुंग्यांची वसाहत होती. कोकणात आंबा-काजूच्या झाडांवर दिसणाऱ्या ओंबील त्या याच. मयूरभंजमध्ये त्यांना ‘काई’ म्हणतात. तेथील आठवडी बाजारात या मुंग्या विकायला येतात आणि त्यांच्या चटणीला ‘सिमलिपाल काई चटणी’ या नावाने २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या मुंग्या जिवंत पाने जोडून घरटे करतात. एकमेकींच्या कमरेला धरून त्या साखळी करतात आणि पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून, विणकराचा धोटा फिरावा तशा या कडेवरून त्या कडेवर नेतात. रेशीम अळीच्या तोंडून येते आणि पाने शिवली जातात. हे दृश्य भिंगातून पाहताना मी कित्येकदा बटण दाबायलाच विसरले आहे.

माझी आठ पायांची मुंगी याच झाडावरची. नीट पाहिल्यावर उलगडा झाला. तिच्या डोक्यावर समोर दोन टपोरे, चकचकीत डोळे होते आणि मुंगीच्या मिशा म्हणून जे मी पाहत होते, ते प्रत्यक्षात उचलून धरलेले पुढचे दोन पाय होते. ती मुंगी नव्हतीच. विणकर मुंगीचे सोंग घेतलेला, उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातील कोळी होता. ही मुंगी कडकडून चावते आणि फॉर्मिक आम्ल सोडते, म्हणून अनेक भक्षक तिच्या वाटेला जात नाहीत. तिच्यासारखे दिसण्याचा लाभ या कोळ्याला मिळतो. त्यातील नराचे जबडे इतके लांब असतात, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून नेत असल्याचा भास होतो. निरुपद्रवी जीवाने उपद्रवी जीवाचे रूप घ्यावे, या प्रकाराची मांडणी हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून १८६२ मध्ये केली होती. मला तो बारिपद्याच्या अंगणात भेटला. महिनाभर रोज त्याच खोडासमोरून जात असूनही तोवर दिसला नव्हता.

येथेच हा लेख संपवता आला असता. पण माझ्या खात्यावर एक चुकीची नोंद आहे आणि ती सांगितल्याखेरीज या छंदाविषयी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२०१९ साली आमच्या एका वरिष्ठ कार्यालयाने कर्मचाऱ्यांसाठी छायाचित्र स्पर्धा ठेवली होती. कीटक थंड रक्ताचे असतात. गारठ्यात त्यांची हालचाल मंदावते. म्हणून काही जण त्यांना थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग निवांतपणे चित्र काढतात, असे मी कोठेतरी वाचले होते. मुदत संपत आली होती. एका संध्याकाळी मी एक लाल चतुर पकडला, जेवणाच्या डब्यात घातला आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. तेवढ्यात शाखेतून फोन आला. लेखापरीक्षणाचे दिवस होते. परतायला रात्र झाली, दमून झोपले आणि डबा विसरले. सकाळी चतुर मेलेला होता.

मी तेव्हा थांबायला हवे होते. त्याऐवजी मी त्याला काडीवर बसवले, फवाऱ्याने पाण्याचे थेंब उडवले, मागे हिरवे पान धरले आणि चित्र काढले. त्याला शीर्षक दिले ‘पहाटेचे दव’. चित्राला दुसरे बक्षीस मिळाले.

ते चित्र मी कौतुकाने शाखेत दाखवत होते. आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ शिपायांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, हा मेलेला आहे ना? जिवंत चतुराचे डोळे असे मातकट नसतात.” त्यांच्या स्वरात आरोप नव्हता, साधी विचारणा होती. चतुराचा डोळा हजारो नेत्रिकांचा बनलेला असतो; काही जातींत त्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास जाते. तो मेल्यावर डोळ्यांचा रंग लवकरच उतरतो. परीक्षकांना जे दिसले नाही, ते तळ्याकाठी लहानाचे मोठे झालेल्या त्या गृहस्थांना एका दृष्टिक्षेपात दिसले. मी म्हणाले, “नाही हो, तळ्यावर सकाळी काढला.” ते काही बोलले नाहीत. चित्र परत देऊन ते कामाला लागले.

रोज इतरांच्या सह्या पडताळून पाहणारी मी, माझ्या हातून एक खोटे व्हाउचर मंजूर झाले होते. पुढे ते गृहस्थ निवृत्त झाले, माझी बदली झाली. खरे सांगण्याचे राहून गेले. ही आज, उशिरा केलेली दुरुस्तीची नोंद समजावी.

त्या दिवसापासून काही नियम मी स्वतःला घालून घेतले. कीटक पकडायचा नाही, गारठवायचा नाही. चित्र चांगले यावे म्हणून घरट्याजवळची फांदी तोडायची नाही. आड येणारे पान हलक्या हाताने बाजूला धरायचे आणि पुन्हा सोडून द्यायचे. पहाटे लवकर जायचे. तेव्हा हवेतील गारव्याने कीटक आपणहून स्वस्थ असतात आणि दव खरे असते. आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. चित्राखाली ठिकाण आणि दिनांक लिहायचा आणि तो खरा लिहायचा.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा चित्राचे मोल त्याच्या सौंदर्याइतकेच त्याच्या नोंदीत असते. लहान जीवांविषयी अजून पुष्कळ कळायचे आहे आणि त्यासाठी दूर अरण्यातच जावे लागते असे नाही. ठाणे-कल्याणसारख्या गजबजलेल्या परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जाती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्याला पकडताना हुतात्मा झालेले मुंबई पोलिस दलातील तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ तिला ‘इसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले. लाखो माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर काही मिलीमीटरचा एक जीव विज्ञानाला अनोळखी राहिला होता.

हल्ली मी पुन्हा नाशिकला आहे. गॅलरीतील कढीपत्त्याच्या कुंडीवर लिंबावरचे फुलपाखरू अंडी घालते. त्यातून निघालेली लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. मोठी होता होता ती हिरवी होते आणि डिवचली गेली की डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. मुलगी आता बारा वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यात तिने विचारले, “आई, हिला काडीवर घेऊ का? पान हलतंय, फोटो नीट येत नाही.”

मी तिला वारा थांबेपर्यंत थांबायला सांगितले. आम्ही दोघी कुंडीसमोर पाऊण तास बसलो. चित्र फारसे चांगले आले नाही. आम्ही त्याखाली तारीख लिहून ठेवली आहे.