किल्ल्याखालची बोट

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या माणसाला ‘पब्लिक स्कूल’ हा शब्द हमखास चकवतो. नाव पब्लिकचं, आणि फी अशी की पब्लिकने लांबूनच बघावं! सरकारी अनुदान न घेणाऱ्या सगळ्याच खासगी शाळांना इथे ‘इंडिपेन्डन्ट’ म्हणतात. देशातली शंभरात सहा-सात मुलंच त्यांत शिकतात, पण वाद घालायला सगळा देश हजर असतो. १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला आणि जुना प्रश्न पुन्हा वर आला: या शाळांचा आजूबाजूच्या गावाला उपयोग काय? माहितीपत्रकात ‘लीडरशिप’ आणि ‘कम्युनिटी’ छापायला काहीच लागत नाही.

दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावर, सेंट डोनॅट्सच्या जुन्या किल्ल्यात, या प्रश्नाचं एक जुनं उत्तर सापडतं. तिथे १९६२ मध्ये अटलांटिक कॉलेज ही खासगी शाळा सुरू झाली. त्यामागची कल्पना कुर्त हान यांची. हिटलरविरुद्ध जाहीरपणे बोलल्याबद्दल १९३३ मध्ये अटक झालेले आणि नंतर ब्रिटनमध्ये आलेले हे जर्मन ज्यू मुख्याध्यापक. देशोदेशीची सोळा ते एकोणीस वयाची मुलं एकत्र राहावीत, शिकावीत आणि त्यांच्या हातून कुणाला तरी उपयोगी पडेल असं काम व्हावं, हा बेत.

काम किल्ल्याच्या पायथ्याशीच होतं. ब्रिस्टल खाडीत भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरपर्यंत जातो. कोकणातल्या उधाणाची सवय असलेल्यालाही हा आकडा दोनदा वाचावा लागेल. ब्रिटनमध्ये समुद्रात बुडणाऱ्याला वाचवायला जाणाऱ्या लाइफबोटी बहुतेक सरकारी नसतात. १८२४ मध्ये स्थापन झालेली ‘आरएनएलआय’ ही संस्था त्या देणग्यांवर चालवते आणि बोटीवर बहुतांशी गावचेच स्वयंसेवक चढतात. म्हणूनच १९६३ मध्ये या कॉलेजाला लाइफबोट केंद्र होता आलं.

अडचण बोटीची होती. हवा भरलेल्या रबरी बोटी हलक्या आणि वेगवान खऱ्या; पण गोट्यांच्या किनाऱ्यावरून ओढताना कापडी तळ घासून फाटायचा. पहिले प्राचार्य डेस्मंड होर हे निवृत्त रिअर अॅडमिरल. त्यांनी मुलांना हाताशी धरून कापडाच्या जागी प्लायवूडचा तळ बसवायचे प्रयोग सुरू केले. बोट करायची, लाटांवर आपटायची, कुठे उकललं ते बघायचं, पुन्हा चिकटवायची. यातूनच कडक तळाची रबरी बोट आकाराला आली, जी आज जगभर नौदलांपासून बचावपथकांपर्यंत सगळे वापरतात. ‘आरएनएलआय’ने १९७२ मध्ये सेवेत घेतलेल्या बोटीचं नाव ‘अटलांटिक २१’, कॉलेजावरूनच. होर यांनी पेटंट संस्थेला एका पौंडाला दिलं आणि तो चेक वटवलाच नाही, असं सांगतात.

कॉलेज सुरुवातीला फक्त मुलग्यांचं होतं. मुली आल्या १९६७ मध्ये. दोनच वर्षांनी एलिझाबेथ हॉस्टवेट ही अठरा वर्षांची नॉर्वेजियन विद्यार्थिनी ‘आरएनएलआय’च्या किनारी बोटीचं नेतृत्व करायला पात्र ठरलेली पहिली स्त्री झाली. सहशिक्षणावरची कितीतरी भाषणं या एका नोंदीपुढे फिकी पडतात. वर्गाच्या मॉनिटरला खडू आणि डस्टर सांभाळायचा असतो. या मुलीच्या हाती सुकाणू होतं, आणि पाण्यात गेल्यावर बोटीचे निर्णय तिने घ्यायचे होते.

अर्थात कॉलेजाची बातमी होते ती वेगळ्याच कारणाने. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर इथेच शिकले, आणि अलीकडे स्पेनची राजकन्या लेओनोरही. शिष्यवृत्तीवर आलेली मुलंही त्याच वर्गांत बसतात, पण कॅमेरे त्यांच्याकडे वळत नाहीत.

लाइफबोट केंद्र २०१३ मध्ये बंद झालं, पण कॉलेजाची कल्पना तोवर पसरली होती. या कॉलेजातून निघालेल्या ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ साखळीची एक शाखा १९९७ पासून पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरावर आहे. तिथे मुली पहिल्या दिवसापासून आहेत. समुद्र मात्र घाट उतरून गेल्यावरच लागतो.